किरणांच्या आधी पोचणारं गंधक

कॅन्सरच्या दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसलं की एक शब्द सारखा कानावर येतो: शेक. ‘अजून बारा शेक राहिलेत.’ ‘आज मशीन बंद होतं, शेक झालाच नाही.’ कुणी त्यालाच ‘लाईट’ म्हणतं. रेडिएशनच्या उपचाराला आपल्या लोकांनी दिलेली ही घरगुती नावं. ‘शेक’ हा शब्द आपुलकीचा आहे खरा, पण साफ फसवा आहे. शेक म्हटलं की डोळ्यांसमोर गरम पाण्याची पिशवी येते, नाहीतर तव्यावर तापवलेली कापडाची घडी. आणि या किरणांत ऊब तर जवळजवळ नसतेच.

हिशोब करून बघू. अंगात किती किरणं मुरली हे ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनामागे एक ज्यूल ऊर्जा. माणसाच्या सगळ्या अंगावर एका दमात सुमारे ४ ग्रे पडले आणि नंतर काहीच उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांपैकी साधारण निम्मी दोन महिन्यांत दगावतात. आता ७० किलोच्या माणसात ४ ग्रे म्हणजे २८० ज्यूल. त्यानं शरीराचं तापमान वाढतं एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं. गरम चहाचा एक घोट घशाखाली उतरताना याहून जास्त उष्णता अंगात सोडतो.

चहाच्या घोटानं कुणी मरत नाही. मग त्याहून कमी ऊर्जेनं माणूस, उंदीर, कुत्रा, माकड कसे मरतात? आणि ही ऊर्जा अंगात शिरतेय हे आधी कळलं, तर तिला वाटेत अडवता येईल का? गेली पंचाहत्तर वर्षं प्रयोगशाळांमधून या प्रश्नामागे माणसं लागलेली आहेत. गमतीचा भाग असा की त्यांना सापडलेली सगळ्यात कामाची रसायनं बाहेरून आणलेली नव्हती. ती, किंवा त्यांची सख्खी भावंडं, आपल्या पेशींमध्ये आधीपासूनच होती.

घाव नक्की कुठे बसतो?

पेशीत वजनाच्या मानानं सगळ्यात जास्त काय असेल तर पाणी. त्यामुळे क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीतून आरपार जातो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा तडाखा पाण्यालाच बसतो. पाण्याच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो आणि पुढच्याच क्षणी तिथे ‘हायड्रॉक्सिल रॅडिकल’ नावाचा एक तुकडा तयार होतो. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, आणि एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला. ही जोडी पुरी करण्यासाठी तो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. चरबी असो, प्रथिन असो, साखर असो, डीएनए असो, त्याला निवड नसते.

मात्र त्याला वेळही नसतो. सेकंदाचे एक अब्ज भाग केले तर त्यातल्या काही भागांएवढंच त्याचं आयुष्य. तेवढ्यात तो फार तर काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएच्या पिळाची जाडी २ नॅनोमीटर आहे हे लक्षात घेतलं, की चित्र स्पष्ट होतं: पेशीभर तयार झालेल्या रॅडिकलपैकी डीएनएला भीती असते ती त्याला अगदी खेटून जन्मलेल्यांची. क्ष-किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं साधारण दोन तृतीयांश या खेटून जन्मलेल्या रॅडिकलमुळे होतं, उरलेलं किरणांच्या थेट तडाख्यानं. रसायनांना काही वाचवता येत असेल तर ते मुख्यतः या दोन तृतीयांशातलं.

एका ग्रेमागे एका पेशीत डीएनएची एकच दोरी तुटलेल्या सुमारे १,००० जागा सापडतात, आणि दोन्ही दोऱ्या तुटलेल्या ३० ते ४०. हजार हा आकडा ऐकून घाबरू नका, ती दुरुस्ती पेशीला रोजची आहे. समोरची शाबूत दोरी बघून ती तुटकी दोरी विणून घेते. दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटल्या की मात्र बघायला नमुना उरत नाही. टोकं भलत्याच टोकांना जोडली जातात, गुणसूत्रं मोडतात, आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पेशी अडखळून मरते.

‘विभाजनाच्या वेळी’ हे महत्त्वाचं. ज्या पेशी सतत विभागतात तिथे घाव आधी दिसतो: हाडांतली मज्जा, आतड्याचं अस्तर, केसांची मुळं. अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या हापूसला लासलगाव किंवा वाशीच्या केंद्रात किमान ४०० ग्रे गॅमा किरण देतात, म्हणजे माणसाच्या जीवावर उठणाऱ्या मात्रेच्या शंभरपट. आंब्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण काढणी झालेल्या फळात पेशी विभागायच्या राहिलेल्याच नसतात. आत एखादी अळी असेल तर तीसुद्धा लगेच मरते असं नाही. तिची पुढची पिढी होत नाही, आणि तेवढंच हवं असतं. कांद्याला तर ६० ते ९० ग्रे पुरतात. कोंबातल्या विभागणाऱ्या पेशी थांबल्या की कांदा चाळीत टिकतो. (आणि नाही, तो आंबा किंवा कांदा खाल्ल्यानं कुणी किरणोत्सारी होत नाही. गॅमा किरण उजेडासारखे येतात आणि जातात, मागे काही ठेवत नाहीत.)

प्राण्याचं मात्र तसं नाही. किरणं लागलेला उंदीर लगेच कोसळत नाही. तो खातो, पिंजऱ्यात हिंडतो, बघणाऱ्याला वाटतं वाचला. पण आत मज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणं थांबलेलं असतं. जुन्या पेशी आयुष्य संपेल तशा गळत जातात, आणि दहा-पंधरा दिवसांनी साध्या जंतूंपुढे किंवा छोट्याशा रक्तस्रावापुढे तो हात टेकतो. म्हणजे अपघात एका सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊन संपतो आणि मरण काही आठवड्यांनी येतं. या दोन वेळांमधलं अंतर ध्यानात ठेवा. या विषयातला निम्मा गोंधळ ते विसरल्यानं होतो.

केसाच्या वासातलं औषध

केस चुकून गॅसच्या ज्योतीला लागला की जो उग्र वास येतो, तो गंधकाचा. केसातलं प्रथिन ‘सिस्टीन’ नावाच्या अमिनो आम्लानं भरलेलं असतं आणि त्या सिस्टीनच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. रसायनशास्त्रात या जोडीला थायॉल म्हणतात. आपण तिला गंधकाचं टोक म्हणू.

पेशीतली गंधकाची टोकं असलेली काही एन्झाइम्स किरणांपुढे फार हळवी ठरतात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला दिसून आलं होतं. त्यावरून शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वी पॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ विचार केला: किरणांना गंधकाचं टोक एवढं आवडत असेल तर त्यांच्यापुढे तेच भरपूर टाकून बघू. त्यांनी उंदरांना आधी सिस्टीन टोचलं आणि मग क्ष-किरणांची मारक मात्रा दिली. बरेच उंदीर जगले. हे १९४९ मध्ये छापून आलं. त्याच लेखात दुसरी गोष्टही होती, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा मोठी आहे: तेच सिस्टीन किरणं देऊन झाल्यावर टोचलं, तर काहीच उपयोग झाला नाही.

तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. वर पाहिलेल्या वेळा आठवा. रॅडिकल जन्मून, वार करून, मरूनही गेलेलं असताना त्याला पकडणारं औषध कितीही उत्तम असलं तरी ते पकडणार कुणाला?

जवळपास त्याच काळात बेल्जियममधल्या लिएज शहरात झेनों बाक आणि त्याचे सहकारी सिस्टीनच्याच एका धाकट्या भावापर्यंत पोचले. त्याचं नाव सिस्टीअमीन. सिस्टीनमधला आम्लाचा भाग काढून टाकला की हे उरतं. आपल्या प्रत्येक पेशीत, ‘कोएन्झाइम ए’ नावाच्या रोजच्या राबत्या रेणूचा एक तुकडा म्हणून, ते असतंच. सिस्टीनच्या मानानं ते कितीतरी कमी लागायचं. दर किलो वजनामागे १५० मिलिग्रॅम टोचलेल्या प्राण्यांना मारायला साध्या प्राण्यांपेक्षा १.८ पट किरणं लागतात, असा त्याचा हिशोब निघाला. समजा एखाद्या जातीच्या उंदरांपैकी निम्मे ७ ग्रेला मरत असतील, तर सिस्टीअमीन घेतलेले निम्मे मरायला साडेबारा ग्रेच्या आसपास जावं लागेल.

ऐकायला हे झकास वाटतं. आता तोच हिशोब ६० किलोच्या माणसाला लावा: ९ ग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या तापाच्या गोळीच्या भाषेत सांगायचं तर अठरा गोळ्यांएवढं औषध एकदम. एवढ्या सिस्टीअमीननं माणसाचा जीव मळमळीनंच अर्धा होईल. सिस्टिनोसिस नावाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात हेच सिस्टीअमीन रोज घ्यावं लागतं. त्या रुग्णांच्या श्वासाला आणि घामाला त्याचा वास येतो.

पण गंधकाचं टोक करतं तरी काय? दोन कामं. पहिलं सोपं आहे: डीएनएवर पडू पाहणारं रॅडिकल स्वतःवर घेणं. मात्र पेशीत इतर रेणूंची एवढी गर्दी असते की या कामात त्याला फार मोठा वाटा मिळत नाही. दुसरं काम अधिक मोलाचं. रॅडिकलनं डीएनएमधून एक हायड्रोजन ओरबाडून नेला की डीएनए स्वतःच जोडीविना इलेक्ट्रॉन घेऊन उघडा पडतो. आता दोघं त्याच्याकडे धावतात. एक ऑक्सिजन. तो त्या उघड्या जागी चिकटला की जखम पक्की झाली, पुन्हा पहिल्यासारखी भरून येणं कठीण. दुसरं गंधकाचं टोक. ते आपला हायड्रोजन त्या जागी देऊन टाकतं आणि डीएनए होता तसा होतो, जणू काही झालंच नाही. ही शर्यत काही हजारांश सेकंदात निकाली लागते. जवळ ऑक्सिजन जास्त असेल तर तो जिंकतो, गंधक जास्त असेल तर गंधक. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पेशी ऑक्सिजन नसलेल्या पेशींपेक्षा अडीच ते तीनपट हळव्या असतात, त्याचं कारण हेच.

इथे कुणीही विचारेल: गंधकाची एवढी महती असेल तर पेशीनं स्वतःच ते का साठवलं नाही? साठवलंय की! ग्लुटाथायोन नावाचा तीन अमिनो आम्लांचा छोटा रेणू, ज्याला केंब्रिजच्या फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये हे नाव दिलं, तो प्राण्यांच्या पेशींत भरपूर असतो, आणि त्याच्या मधल्या कडीला हेच गंधकाचं टोक असतं. पेशीचं रोजचं संरक्षण बरंचसं त्याच्यावर चालतं. पण मोठ्या मात्रेपुढे तो तोकडा पडतो, आणि कारण मोठं गमतीदार आहे. डीएनएवर ऋण भार असतो. ग्लुटाथायोनवरही एकंदरीत ऋण भारच असतो. दोन्ही ऋण, म्हणून एकमेकांपासून दूर सरकतात. म्हणजे पहारेकरी वाड्यात शेकड्यांनी आहेत, पण तिजोरीच्या खोलीशी त्यांचं पटत नाही. सिस्टीअमीनवर धन भार असतो, त्यामुळे ते डीएनएला बिलगून बसतं. अगदी जिथे ती शर्यत होते तिथेच.

सध्या ‘गोरं करणारं’ म्हणून ग्लुटाथायोनच्या सुया आणि गोळ्यांची जी जाहिरातबाजी चालते, तिच्याबद्दल बोलायची ही जागा नाही. एवढंच सांगतो की बाहेरून दिलेलं ग्लुटाथायोन जसंच्या तसं पेशीत सहसा शिरत नाही. पेशी ते आपल्या घरी, कच्चा माल आणून, स्वतः बनवते.

सैनिकांसाठी शोधलं, लाळेसाठी वापरलं

शीतयुद्धाच्या दिवसांत अणुबॉम्ब पडल्यानंतरच्या रणभूमीवर सैनिक चालवायचे कसे, ही लष्करांची खरीखुरी चिंता होती. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत १९५९ पासून सिस्टीअमीनच्या धर्तीवर एकामागून एक संयुगं बनवून उंदरांवर तपासली गेली. चार हजारांहून जास्त! त्यातून वर आलेलं एक म्हणजे ‘डब्ल्यूआर-२७२१’, आजचं नाव अमिफोस्टीन.

त्यातली युक्ती बघण्यासारखी आहे. गंधकाच्या टोकावर त्यांनी फॉस्फेटचं टोपण बसवलं. टोपण असेपर्यंत रेणू निरुपद्रवी आणि निरुपयोगी. निरोगी ऊतींमधल्या रक्तवाहिन्यांपाशी टोपण काढणारं एक एन्झाइम भरपूर असतं; तिथे टोपण उडतं, मोकळं झालेलं गंधक पेशीत शिरतं. गाठीत रक्तपुरवठा वेडावाकडा, एन्झाइम कमी, आतलं वातावरण आंबट. तिथे टोपण सहजी निघत नाही. म्हणजे एकच इंजेक्शन निरोगी पेशींना सांभाळतं आणि कॅन्सरच्या पेशींना बऱ्याच अंशी उघड्यावर ठेवतं. उंदरांच्या मज्जेच्या बाबतीत मारायला लागणाऱ्या किरणांची पट २.७ पर्यंत गेली, म्हणजे सिस्टीअमीनच्या १.८ च्या कितीतरी पुढे.

लष्कराच्या कामाला मात्र ते आलं नाही. उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. चक्कर येऊन बसलेला सैनिक किरणांपासून वाचला तरी लढणार काय? शिवाय ते शिरेतून द्यावं लागतं आणि रक्तातून बघता बघता नाहीसं होतं. सहा मिनिटांनी रक्तद्रवात दहा टक्केसुद्धा उरत नाही. बॉम्ब कधी पडणार हे पंधरा मिनिटं आधी सांगणारा शत्रू कुठून आणायचा?

पण रेडिएशनच्या खोलीत नेमकी हीच अडचण नसते. तिथे शेक कधी मिळणार हे मिनिटासकट ठाऊक असतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला साधारणपणे रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे असे ६० ते ७० ग्रे देतात. एकदम नाही आणि सगळ्या अंगावर नाही, म्हणून माणूस ते सोसतो. पण किरणांच्या वाटेत लाळेच्या ग्रंथी येतात, आणि त्या वाळतात. तंबाखू-गुटख्यानं आपल्याकडे या कॅन्सरचे रुग्ण इतके केलेत की ही अवस्था पाहिली नाही असं घर विरळाच. भाकरीचा घास टाळ्याला चिकटून बसतो. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही, रात्री उशाशीसुद्धा. बोलता बोलता जीभ दातांना अडकते. लोणची-मसाले सोडाच, साधा पोहेसुद्धा दुधात कालवल्याशिवाय उतरत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या कोरड्या तोंडासाठी अमिफोस्टीनला मान्यता दिली. प्रत्येक शेकाच्या १५ ते ३० मिनिटं आधी शिरेतून. त्याआधी १९९५ मध्ये सिसप्लॅटिन या केमोच्या औषधापासून मूत्रपिंडं वाचवण्यासाठी मान्यता मिळालेलीच होती. आज ते सरसकट वापरलं जात नाही. उलट्यांचा त्रास आहे, आणि दरम्यान यंत्रंही सुधारली. लाळेच्या ग्रंथींना वळसा घालून किरणं देणं आता पुष्कळ जमतं. तरीही चार हजारांतून माणसापर्यंत पोचलेलं हे औषध मुळात पेशीतल्याच रेणूचा नातू आहे, हे मला विसरता येत नाही.

विहीर नसेल तर टँकर

पॅटच्या प्रयोगांच्याच सुमारास शिकागोत लिऑन जेकबसन वेगळंच काही करत होता. तो उंदराची प्लीहा ऑपरेशन करून बाहेर घ्यायचा, तिच्याभोवती शिसं गुंडाळायचा, उंदराला मारक मात्रा द्यायचा आणि प्लीहा परत आत ठेवायचा. उंदराच्या प्लीहेत रक्त तयार होतं. हे उंदीर मोठ्या संख्येनं जगले. एवढासा अवयव वाचवला आणि सगळा प्राणी वाचला! मग किरणांनंतर दुसऱ्या उंदराच्या प्लीहेच्या किंवा मज्जेच्या पेशी टोचल्या, तरीही वाचले. किरणांनंतर! जे सिस्टीनला जमलं नव्हतं ते इथे जमत होतं.

याचा अर्थ काय लावायचा? पेशींमधून पाझरणारं एखादं रसायन मज्जेला पुन्हा उभं करत असावं, असा जेकबसनसह अनेकांचा कयास होता. रसायन सापडलं तर बाटलीत भरता येईल. काही वर्षं त्या रसायनाचा शोध चालला. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हारवेलच्या गटानं खूण असलेल्या गुणसूत्रांच्या उंदरांकडून मज्जा घेऊन ती दुसऱ्यांना टोचली, आणि वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत तीच खूण विभागताना दिसली. म्हणजे काम रसायनाचं नव्हतं, दात्याच्या जिवंत पेशीच तिथे घर करून बसल्या होत्या. आजचं बोन मॅरो प्रत्यारोपण या उंदरांच्या पाठीवरून आलंय.

पण रसायनवाले अगदीच चुकले होते असं म्हणवत नाही. मज्जेला ‘पांढऱ्या पेशी बनव’ असा निरोप देणारी प्रथिनं शरीरात खरंच असतात. त्यातलं जी-सीएसएफ हे प्रथिन आता जिवाणूंकडून बनवून घेतात, आणि केमो घेतलेल्या कितीतरी घरांत ‘काउंट वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून ते माहीत असतं. २०१५ मध्ये अमेरिकेनं ते किरणोत्साराच्या अपघातात मज्जा मार खाल्लेल्यांसाठी मान्य केलं. माणसांवर असा प्रयोग करणं शक्यच नसतं, म्हणून माकडांवरच्या निष्कर्षांच्या आधारे. अमेरिकेत त्यासाठी वेगळा नियमच आहे. हे इंजेक्शन किरणं लागून एक दिवस उलटल्यावर सुरू केलं तरी चालतं, कारण ते रॅडिकलशी लढतच नाही. उरल्यासुरल्या मूलपेशींना, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या रक्तपेशी बनतात त्यांना, ते कामाला लावतं. सिस्टीन ही आधी खणायची विहीर. हा नंतर येणारा टँकर. दोन्ही पाणीच देतात, पण एकाच्या वेळेला दुसऱ्याचा उपयोग नाही.

सडलेल्या डब्यातला जिवाणू

१९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आर्थर अँडरसन डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पाहत होता. एक डबा तरीही सडला. आत निघाला एक गुलाबी-लालसर जिवाणू, आज ज्याला डायनोकॉकस रेडिओड्युरान्स म्हणतात. तो ५,००० ग्रे सहज पचवतो. पुन्हा सांगतो, माणूस ४.

बरीच वर्षं सगळ्यांना वाटायचं की याचा डीएनए फार मजबूत असणार. तसं काही नव्हतं. डीएनए त्याचाही इतरांसारखाच तुकडे-तुकडे होतो. अमेरिकेतल्या मायकल डेली आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून दाखवलं की गुपित दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांच्या संरक्षणात आहे. या जिवाणूत लोह कमी आणि मँगनीज भरपूर असतं, आणि ते मँगनीज फॉस्फेट आणि प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांशी जोडी करून रॅडिकलची पिल्लावळ निकामी करतं. प्रथिनं शाबूत राहिली की डीएनए पुन्हा विणता येतो. मला यात खेड्यातल्या पुराची आठवण होते: घरं पडली तरी चालतील, गवंडी जगले पाहिजेत.

मग त्यांनी या जोडीची नक्कल केली. दहा अमिनो आम्लांची एक साखळी, सोबत मँगनीज. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ९.५ ग्रे दिलेल्या साध्या उंदरांपैकी ६३ टक्के तीस दिवसांत मेले. हे मिश्रण दिलेले सगळे जगले, आणि मिश्रणाचा त्यांना स्वतंत्र त्रासही दिसला नाही. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये किती औषधं वाहून गेलीत हे माहीत असल्यानं मी उड्या मारत नाही, पण सिस्टीअमीनच्या उलट्यांनंतर हे वाचायला बरं वाटतं. आपल्याकडेही हे काम चालतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हरितद्रव्यापासून बनवलेल्या क्लोरोफिलिनवर उंदरांमध्ये अभ्यास झाला आहे. तिथे मज्जेतल्या मूलपेशींना ते हात देतं असं दिसलं.

गोळी खाऊन काम भागेल का?

हा प्रश्न दर चार लेखांनंतर येतोच, म्हणून थोडक्यात. अणुदुर्घटनेच्या बातम्यांबरोबर ज्या आयोडीनच्या गोळ्या येतात त्या फक्त थायरॉईडसाठी, तेही किरणोत्सारी आयोडीन हवेत असेल तरच. गॅमा किरणांपासून त्या काहीही वाचवत नाहीत. आणि शेक चालू असताना ‘अँटीऑक्सिडंट चांगलंच ना’ म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या घेणं तर धोक्याचं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये तोंड-घशाच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर एक चाचणी झाली, २००५ मध्ये छापून आली. ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन एकत्र घेतलेल्यांना शेकाचा त्रास कमी झाला, पण त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. संरक्षण गाठीलाही मिळालं असावं. अमिफोस्टीनच्या त्या टोपणाची किंमत इथे कळते. ताटातल्या आवळ्या-लिंबाबद्दल हे नाही. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे, आणि त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायच्याच.

गाठीला नको आणि शेजारच्या पेशींना हवं, या पेचावर सगळ्यात नवा प्रयत्न आला तो एका अगदी बारक्या प्राण्याकडून. पाणअस्वल म्हणजे टार्डिग्रेड, शेवाळात राहणारा, एका मिलिमीटरहून लहान, आठ पायांचा. जपानमधल्या शास्त्रज्ञांना २०१६ मध्ये त्याच्या एका जातीत डीएनएला पांघरूण घालणारं प्रथिन सापडलं, ‘डीसप’. ते माणसाच्या पेशींत घालून क्ष-किरण दिले तर डीएनएचं नुकसान सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या गटानं पुढचं पाऊल टाकलं. प्रथिनाऐवजी त्यांनी त्याची कृती दिली, कोविडच्या काही लसींत होती तशी एमआरएनएची, नॅनोकणांत गुंडाळून. ती उंदरांच्या गालात आतून आणि गुदाशयात टोचली, काही तास थांबले, जेणेकरून पेशी ते प्रथिन बनवतील, आणि मग रुग्णांना देतात तशी किरणं दिली. दोन्ही दोऱ्या तुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. प्रथिन टोचलेल्या जागेच्या पलीकडे पसरलं नाही, त्यामुळे थोड्या अंतरावरची गाठ आपली उघडीच राहिली. माणसात ते देण्याआधी एक अडचण सोडवायची आहे: पाणअस्वलाचं प्रथिन आपल्या शरीराला परकं, त्यामुळे प्रतिकारशक्ती त्यावर उठू शकते. ते प्रथिन आपल्या अंगाला मानवेल असं घडवण्याच्या खटपटीत सध्या तो गट आहे.